‘सगळ्या कथा सारख्याच वाटल्या’

पत्राचा आशय: 47 वर्षांच्या एका वाचकाने लिहिलं आहे. शाळकरी वयापासून ते विज्ञानकथांच्या प्रेमात आहेत. त्यांच्या कपाटात जुन्या, नावाजलेल्या विज्ञानकथांचे विषयवार संग्रह आठ-नऊ तरी आहेत: कुठला यंत्रमानवांवरचा, कुठला कालप्रवासावरचा, कुठला परग्रहवासीयांवरचा. यंदा त्यांनी सात जणांचा वाचनगट सुरू केला आणि पहिल्या बैठकीसाठी यंत्रमानवांवरच्या जाडजूड संग्रहातल्या पहिल्या अकरा कथा वाचून यायला सांगितलं. बैठक फसली. चौघं म्हणाले, ‘सगळ्या सारख्याच वाटल्या, तिसऱ्या कथेपासून पुढे काय होणार ते आधीच कळत होतं.’ एक जण म्हणाला, यातलं विज्ञान केव्हाच मोडीत निघालंय. एका मैत्रिणीने विचारलं, ‘या कथांमध्ये बायका कुठे आहेत?’ त्यावर ‘तो काळच तसा होता’ असं यांनी जरा चिडून उत्तर दिलं, आणि ते उत्तर तेव्हापासून त्यांचं त्यांनाच खुपतंय. आता जुने संग्रह बाजूला ठेवून नव्या कथा घ्याव्यात, की सरळ कादंबऱ्यांकडे वळावं, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी एकच ओळ वेगळी लिहिली आहे: ‘मला या कथा अजून आवडतात, की मला फक्त माझं चौदावं वर्ष आवडतं?’

प्रिय वाचक,

तुमच्या शेवटच्या ओळीकडे मी येणारच आहे, पण आधी त्या बैठकीचं बघू. एका फसलेल्या संध्याकाळीवरून तुम्ही तीन गोष्टी ठरवून टाकल्या आहेत: कथा जुन्या झाल्या, मित्रांना गोडी नाही, आणि तुमची आवड म्हणजे नुसती बालपणाची आठवण. मला त्या संध्याकाळीतून एवढंच दिसतं, की एका विषयावरच्या अकरा कथा पाठोपाठ वाचल्या तर त्या सारख्या वाटतात. त्या तशा वाटणारच. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण असे संग्रह विकत घेऊन अर्ध्यावर सोडणारे पुष्कळ वाचक मला भेटले आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाने दोष स्वतःला दिला आहे.

या कथा लिहिल्या गेल्या त्या अमेरिकेतल्या मासिकांसाठी. ‘अमेझिंग स्टोरीज’ 1926 साली निघालं, ‘अस्टाउंडिंग’ 1930 साली, ‘गॅलक्सी’ 1950 साली. 1941 च्या सप्टेंबरात ज्याने ‘अस्टाउंडिंग’चा अंक उघडला, त्याच्यासमोर आयझॅक असिमॉव्हची ‘नाइटफॉल’ आली ती इतर कथा, लेख आणि जाहिरातींच्या गर्दीत. सहा सूर्यांच्या ग्रहावर अंधार म्हणजे काय हे ठाऊक नसलेली माणसं पुढे कशी वागतील, याचा त्याला पत्ता नव्हता. पान उलटल्यावर भलत्याच विषयाची कथा यायची. तशाच धर्तीची दुसरी कथा वाचायला मिळेपर्यंत महिने जायचे, आणि तोवर पहिली मनात मुरलेली असायची. शिवाय प्रत्येक लेखकाला धरून चालावं लागे की हा अंक एखादा वाचक आयुष्यात पहिल्यांदाच उघडतो आहे. म्हणून यंत्रमानव म्हणजे काय, तो बोलतो कसा, माणसं त्याला का घाबरतात, ही सगळी मांडामांड प्रत्येक कथेत पहिल्यापासून होते. मासिकात ती खटकत नाही. तुमच्या मित्रांनी मात्र तीच मांडामांड आठवड्याभरात अकरा वेळा वाचली.

पुस्तकरूपाने हे लेखन नीट जमा व्हायला लागलं ते 1940 च्या दशकात. 1943 साली डोनाल्ड वॉल्हाइमचा खिशात मावणारा संग्रह आला. 1946 साली दोन भलेमोठे ग्रंथ निघाले, एक ग्रॉफ कॉन्कलिनने संपादित केलेला, दुसरा रेमंड हीली आणि जे. फ्रान्सिस मॅक्कोमस यांचा. या दोन ग्रंथांमुळे मासिकांच्या स्वस्त, लवकर पिवळ्या पडणाऱ्या कागदावरच्या कथा ग्रंथालयांच्या फळ्यांवर जाऊन बसल्या. मग एकेका विषयाचे संग्रह निघू लागले. कॉन्कलिननेच 1952 साली पृथ्वीवरच्या आक्रमकांचा संग्रह काढला, 1954 साली विचार करणाऱ्या यंत्रांचा, 1955 साली उत्परिवर्तनाचा. विषय ठरला की पुस्तक एका ओळीत सांगता येतं, ग्रंथपालाला फळी सापडते, घेणाऱ्याला काय घेतोय ते कळतं. पण त्यात एक तोटाही होतो. मुखपृष्ठावर ‘आक्रमक’ लिहिलेलं असलं, की कथेत नव्याने राहायला आलेला शांत शेजारी पहिल्याच ओळीत संशयित होतो. लेखकाने दहा पानं जपून ठेवलेलं गुपित मुखपृष्ठानेच सांगून टाकलेलं असतं.

हे मी स्वतः अनुभवलं आहे. एका लांबलेल्या आजारपणात मी कालप्रवासाचा एक मोठा संग्रह पहिल्या पानापासून सलग वाचला. अर्ध्यावर येईपर्यंत मला प्रत्येक कथेत तो आरंभाला येऊन मिळणारा शेवट दिसायला लागला, आणि रॉबर्ट हाइनलाइनची 1959 सालची ‘ऑल यू झॉम्बीज’ मी त्या ओघात नुसती ओलांडून गेले. पुढे कितीतरी वर्षांनी तीच कथा एकटी, दुसरं काही न वाचता वाचली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. कथेत एक अक्षर बदललेलं नव्हतं.

म्हणून माझी पहिली विनंती अशी: संग्रह ओळीने संपवायचा असतो, हे मनातून काढा. ती कादंबरी नव्हे. संपादकाने एका टेबलाभोवती काही माणसं बसवली आहेत, आणि कोणी कोणाशेजारी बसावं हे ठरवायची मुभा तुम्हाला आहे. एका बैठकीला तीन कथा पुरे. त्या तीन अशा निवडा, की एकीचं म्हणणं दुसरीला खोडून काढेल.

‘अनोळखी जीव समोर आला तर’ हा विषय घ्या. स्टॅन्ली वाइनबॉमची ‘अ मार्शियन ओडिसी’ 1934 सालची. तिच्यातला ट्वील हा शहामृगासारखा दिसणारा जीव माणसासारखा विचार करत नाही, पण माणसाइतकाच चांगला विचार करतो, आणि कथा त्याच्याशी मैत्री करते. फ्रेडरिक ब्राउनची ‘अरीना’ 1944 सालची, ऐन महायुद्धातली. तिच्यात एक माणूस आणि एक परका जीव यांची झुंज लावली जाते, आणि हरणाऱ्याची अख्खी जात नष्ट होणार असते. मरी लाइन्स्टरची ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ 1945 सालची. दोन जहाजं क्रॅब तेजोमेघात अचानक समोरासमोर येतात. दोन्हीकडच्या लोकांना भांडायचं नाही, पण घरी परतलो तर दुसरा मागोमाग आपला पत्ता काढेल ही धास्ती दोघांनाही आहे. पुढचं सांगत नाही. अकरा वर्षांतल्या या तीन कथा लागोपाठ वाचल्या की प्रश्न आपोआप समोर येतो: परक्यावर विश्वास ठेवायला किमान काय लागतं? त्यावर सात माणसं दोन तास सहज बोलतील.

तुमच्या यंत्रमानवांचंही तसंच करा. असिमॉव्हची ‘रनअराउंड’ 1942 सालची. यंत्रमानवांसाठीचे त्याचे प्रसिद्ध तीन नियम (माणसाला इजा करू नये, त्याची आज्ञा पाळावी, स्वतःला जपावं) स्पष्ट शब्दांत पहिल्यांदा इथे येतात. बुध ग्रहावर सेलेनियम आणायला पाठवलेला यंत्रमानव दोन नियमांच्या ओढाताणीत अडकून गोल गोल फिरत राहतो, आणि दोन माणसांनी ते कोडं सोडवायचं असतं. नियम चांगले आहेत, अडचण फक्त त्यांच्या ताळमेळाची आहे, असा त्या कथेचा विश्वास. आता तिच्या शेजारी जॅक विल्यमसनची 1947 सालची ‘विथ फोल्डेड हँड्स’ ठेवा. इथली यंत्रं माणसाचं रक्षण करण्याची आज्ञा तंतोतंत पाळतात, इतकी की माणसाला सुरीही हातात धरू देत नाहीत. नियम बिनचूक पाळले गेले तर काय, ही भीती तिथे आहे. एकटी वाचली तर प्रत्येक कथा बेतशीर वाटते. शेजारी ठेवल्या की दोघी एकमेकींना घाम फोडतात. तिसरी जागा मी मुद्दाम मोकळी ठेवते आहे, कारण ती तुमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाची आहे.

त्या प्रश्नावर आपण जरा थांबू. तुम्हाला ते उत्तर खुपतंय ते बरोबरच खुपतंय. ‘तो काळच तसा होता’ हे वाक्य निम्मं खरं आहे, आणि उरलेल्या निम्म्याने एक अन्याय झाकला जातो. त्याच काळात बायका लिहीत होत्या. सी. एल. मूर यांची ‘नो वूमन बॉर्न’ 1944 साली ‘अस्टाउंडिंग’मध्येच आली: आगीत शरीर गमावलेली एक नर्तकी, तिचा मेंदू धातूच्या देहात बसवलेला, आणि ती पुन्हा रंगमंचावर उभी राहायचं ठरवते. तिच्याविषयी काळजी करणारे दोन पुरुष ‘ती अजून तीच आहे का’ यावर खल करत बसतात, आणि ती मात्र तिचं ठरवून मोकळी होते. ज्युडिथ मेरिलची ‘दॅट ओन्ली अ मदर’ 1948 सालची आहे, कॅथरीन मॅक्लीनची ‘कंटेजन’ 1950 सालची. म्हणजे लेखन होतं. निवडणाऱ्यांची नजर त्यावर थांबली नाही.

याचा एक ठळक दाखला आहे. अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने 1964 अखेरपर्यंतच्या कथांमधून सर्वोत्तम कोणत्या यावर सदस्यांची मतं घेतली, आणि त्यावर आधारलेला ‘द सायन्स फिक्शन हॉल ऑफ फेम’चा पहिला खंड रॉबर्ट सिल्व्हरबर्गच्या संपादनाखाली 1970 साली निघाला. 26 कथा. त्यात आपल्या नावाने एकटी उभी असलेली स्त्री एकच, ज्युडिथ मेरिल. मूर आहेत, पण पती हेन्री कटनर यांच्याबरोबर घेतलेल्या ‘लुइस पॅजेट’ या सामाईक टोपणनावामागे. तोच संग्रह ‘हेलन ओ’लॉय’लाही जागा देतो. लेस्टर डेल रे यांच्या 1938 सालच्या या कथेत दोन मित्र एक यंत्रस्त्री तयार करतात आणि ती आदर्श पत्नी होते. पाच वर्षांनी, 1975 साली, पमेला सार्जंट यांनी ‘विमेन ऑफ वंडर’ संपादित केला: स्त्रियांनी स्त्रियांविषयी लिहिलेल्या विज्ञानकथा, आणि वर एक दीर्घ, अभ्यासपूर्ण प्रस्तावना. त्यातली सर्वांत जुनी कथा मेरिलचीच आहे. हे दोन संग्रह शेजारी ठेवा. ‘अभिजात’ म्हणजे अमुक माणसांनी अमुक साली केलेली निवड, हे तुमच्या गटाला वेगळं सांगावं लागणार नाही. त्यातही संपादकाच्या हाती सगळं नसतं. कोणत्या कथेचे हक्क मिळतात, लांब कथेला पानं पुरतात का, हेही त्याला बघावं लागतं.

तेव्हा यंत्रमानवांच्या बैठकीतली तिसरी कथा ‘नो वूमन बॉर्न’. वेळ असेल तर ‘हेलन ओ’लॉय’ही वाचा, आणि मूर यांच्या कथेच्या आधी वाचा. सहा वर्षांच्या अंतरातल्या या दोन कथांत धातूचा देह तोच आहे, पण त्यात कोण राहतं याची कल्पना किती वेगळी. आणि एक सांगते: जुन्या कथेवर प्रेम असलं म्हणून तिचा बचाव करायलाच हवा असं नाही. टॉम गॉडविनची 1954 सालची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ मला फार मोलाची वाटते. तिच्यात मोजक्या इंधनावर निघालेल्या यानात एक मुलगी लपून बसते, आणि तिचं वजन त्या इंधनाला पेलणारं नसतं. तरीही ती वाचताना मी दर वेळी विचारते, की थेंबभरही जादा इंधन न ठेवता हे यान पाठवण्याचा निर्णय कोणी घेतला, आणि त्या निर्णयाला निसर्गनियम का म्हणायचं? या प्रश्नाने कथा लहान होत नाही. उलट तो प्रश्न विचारावासा वाटतो, यातच तिचं बळ आहे.

आता मोडीत निघालेल्या विज्ञानाबद्दल. तुमच्या मित्राचं म्हणणं काही कथांपुरतं पूर्ण खरं आहे. ज्या कथेत एका यंत्राची करामत सोडून दुसरं काही नाही, ती ते यंत्र घराघरांत पोहोचल्यावर उरत नाही. अशा कथा संग्रहांत पुष्कळ असतात, आणि त्या गाळून पुढे जायला कोणाची परवानगी लागत नाही. पण बाकीच्यांना तीच फूटपट्टी लावता येत नाही. 1962 साली ‘मरिनर 2’ हे अमेरिकेचं यान शुक्राजवळून गेलं आणि तो ग्रह भट्टीसारखा तापलेला आहे हे कळलं. आज त्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे 460 अंश सेल्सियस मानलं जातं. शुक्रावरची दमट जंगलं, दलदल, अखंड पाऊस हे सगळं एका फटक्यात गेलं. 1965 साली मरिनर 4 ने मंगळाचे फोटो पाठवले, त्यात कालवे नव्हते, विवरं होती. यावर ब्रायन ऑल्डिस आणि हॅरी हॅरिसन यांनी जे केलं ते मला फार आवडतं: 1968 साली त्यांनी शुक्रावरचं जुनं लेखन एकत्र करून ‘फेअरवेल, फँटॅस्टिक व्हीनस!’ नावाचा संग्रहच काढला. गेलेल्या ग्रहाला दिलेला निरोप. विषयवार संग्रह का काढावा याचं इतकं हृद्य कारण माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

रे ब्रॅडबरीच्या 1954 सालच्या ‘ऑल समर इन अ डे’मध्ये शुक्रावर वर्षानुवर्षं पाऊस पडतो, सूर्य जेमतेम थोडा वेळ दिसतो, आणि पृथ्वीवरचा सूर्य आठवणारी एक मुलगी वर्गात एकटी पडलेली असते. शुक्रावर तसा पाऊस नाही. वर्गातली मुलं तशीच आहेत. ट्वीलचा मंगळही खोटा ठरला, ट्वील शिल्लक आहे. तुमच्या त्या मित्राला एक काम द्या: दर बैठकीला त्याने सांगावं, की यातलं काय चुकीचं ठरलं, आणि ते काढून घेतलं तर कथा उभी राहते की कोसळते. असिमॉव्हने 1971 साली ‘व्हेअर डू वी गो फ्रॉम हिअर?’ या संग्रहात जवळपास हेच केलं होतं. विज्ञान शिकताना उपयोगी पडाव्यात अशा कथा त्याने निवडल्या आणि प्रत्येकीनंतर तिच्यातल्या विज्ञानाच्या बऱ्यावाईटाची चर्चा करून वाचकासाठी प्रश्नही दिले. मिळाला तर जरूर मिळवा. तक्रार करणाऱ्याला हे पुस्तक सर्वांत जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे.

काही लहान गोष्टी, ज्या अशा संग्रहांच्या कोणाही वाचकाच्या कामी याव्यात. कथेआधीची संपादकाची टिपणी कथेनंतर वाचा. कथा सुरू करण्याआधी पुस्तकाच्या सुरुवातीचं हक्कांचं पान काढून कथेचं मूळ साल बघा, कारण 1934 ची कथा आणि 1959 ची कथा एकाच कानाने ऐकता येत नाही. नवा संग्रह घेण्याआधी त्यातल्या कथा आपल्याकडे आहेत का हे बघायला ‘इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस’ ही सूची सर्वांना खुली आहे. कथेचं नाव टाकलं की ती पहिल्यांदा कुठे आली आणि पुढे कोणकोणत्या संग्रहांत गेली ते कळतं. मात्र एखादी कथा तुमच्या चार पुस्तकांत असेल तर पैसे वाया गेले असं मानू नका. चार संपादकांनी तिला चार वेगळ्या शेजाऱ्यांबरोबर बसवलं आहे. कालप्रवासाच्या पुस्तकातली कथा प्रेमकथांच्या पुस्तकात वाचा, ती वेगळी वाटते.

नव्या कथा घ्याव्यात का? घ्या की. बैठकीच्या तीन कथांपैकी एक आजची असली तर दोन्ही काळांचं भलं होईल. कादंबऱ्यांकडे मात्र एवढ्यात वळू नका. कादंबरी एकच मत घेऊन येते. तुमच्या गटात मतं सात आहेत, आणि त्यांना खाद्य कथाच जास्त चांगलं पुरवतील.

आता तुमची ती शेवटची ओळ. चौदाव्या वर्षी आवडलेली एक कथा निवडा. गटासाठी नको, कोणाला सांगूही नका. एका रात्री ती एकटी वाचा, आणि वाचताना बघा की तुमचं लक्ष कुठे थांबतंय. तेव्हा तुम्ही यान, ग्रह, यंत्र बघितलं असणार. डॅनियल कीजची 1959 सालची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’ मी लहानपणी वाचली तेव्हा शस्त्रक्रियेने माणूस हुशार होतो याचं मला अप्रूप वाटलं होतं. तिशीत वाचली तेव्हा, आपले सहकारी आपल्याला का हसायचे हे त्या माणसाला, चार्लीला, कळतं त्या जागी मी पुस्तक मिटलं होतं. तुमचं लक्ष आता दुसऱ्याच जागी थांबत असेल, तर तुम्हाला कथा आवडते आहे. आणि ते अजूनही त्याच जुन्या जागी, त्याच आनंदाने थांबत असेल, तरी त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चौदा वर्षांच्या मुलाची पारख चांगली होती, एवढंच.

पुढच्या बैठकीला कोणाला काही वाचून यायला सांगू नका. ब्रॅडबरीचीच 1950 सालची ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’ घ्या, तिथेच मोठ्याने वाचा. मोजक्या पानांची आहे. एक स्वयंचलित घर सकाळी नाश्ता बनवतं, वेळ सांगतं, आणि घरात कोणीच नसतं. ब्रॅडबरीच्या ‘द मार्शियन क्रॉनिकल्स’ या पुस्तकात ती ऑगस्ट 2026 मध्ये घडत होती. पुढे 1997 च्या आवृत्तीत ती तारीख 2057 वर नेली. तारीख सरकली, घर तसंच आहे. वाचून झाल्यावर लगेच कोणी बोललं नाही तर तुम्हीही बोलू नका.

आणि त्याआधी त्या मैत्रिणीला फोन करा. तिचा प्रश्न बरोबर होता हे सांगा, तुमच्याकडच्या सगळ्या संग्रहांच्या अनुक्रमणिका तिच्यासमोर ठेवा, आणि त्यानंतरच्या बैठकीच्या तीन कथा तिला निवडू द्या.